काढलेले आवाज

अभयने माऊसचं बटण दाबलं आणि कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये कल्याणीची आई मंगलाष्टकं म्हणू लागली.

कल्याणी परातीतल्या तांदळांना कुंकू चोळत होती. तिचा हात थांबला नाही.

"जुनी कॅसेट आहे असं वाटतं तरी का?" अभयने विचारलं.

कॅसेट शेजारच्या सोनालीच्या लग्नातली होती. सोसायटीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं आईच म्हणायची, स्वतः रचून. आई दिवाळीनंतर गेली. वर्षाच्या आत कल्याणी-अभयचं लग्न उरकलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल असं तिच्या सुशीलाकाकू म्हणाल्या, म्हणून घाईने तारीख धरली. बाकी सगळं रीतीप्रमाणे. ही एक गोष्ट मात्र आपली स्वतःची असावी, असं अभयच्या मनात होतं. हडपसरच्या कंपनीत काम संपल्यावर बसून त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, साफ केली. आता तिची सीडी करायची होती.

"साफ केली म्हणजे?"

"सोनाली-संजयच्या नावांचं कडवं उडवलं. नाहीतर आपल्या मांडवात त्यांचंच पुन्हा लग्न लागलं असतं."

(काढलं: सोनाली-संजयचं कडवं.)

(काढलं: पंख्याची घरघर. कुणाचं तरी रडणारं पोर.)

(काढलं: आईचा खोकला.)

"आणि कडवं संपलं की एक माणूस मध्येच काहीतरी बोलायचा. प्रत्येक वेळी. त्यालाही पुसला. तिथे नुसती शांतता ठेवलीय, अक्षता टाकायला."

"ते बाबा," कल्याणी म्हणाली.

"काय?"

"आई रचायची झकास, पण ऐन वेळी पुढचं कडवं विसरायची. बाबा शेजारी उभे राहून पहिला शब्द सांगायचे. मग तिला सगळं आठवायचं."

अभय खुर्चीत पुढे सरकला. "अगं, मग आधी सांगायचंस ना. मूळ कॅसेट आहे, परत घालतो."

कल्याणीने वाट पाहिली. रडू येईल म्हणून. आवाज आईचाच होता, तरी कुणी बाई शेजारच्या घरात गात असावी तसा तो येत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "छान झालंय."

भेटायला येणारे तिला धीराची म्हणत. एकट्या काकूंना ते पटत नव्हतं.

"एकदा रडून घे बाई. असं कोरडं राहू नये."

"लग्न झालं की बघते, काकू. सध्या रजा शिल्लक नाही."

कल्याणीला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. ऐन मांडवात आईचा आवाज लागेल, सगळे डोळे पुसतील, आणि आपण कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारख्या उभ्या राहू.

*

कोथरूडचं कार्यालय. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून काका-काकू स्टेजवर. बाबांनी कुठे उभं राहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. ते नवा फेटा बांधून खाली स्पीकरपाशी उभे होते, अक्षतांची मूठ मिटून. आईची सीडी लावणार आहेत म्हटल्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले होते. ऐकायला मागितली नव्हती.

अंतरपाट धरला गेला. भटजींचं म्हणून झालं आणि सीडी लागली.

पहिलं कडवं. हॉलमधली कुजबुज थांबली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अंतरपाटावरच्या स्वस्तिकाचा एक हात आखूड पडला होता. कल्याणी तोच बघत राहिली.

(ऐकू आलं: सगळं. स्वच्छ.)

शुभ मंगल सावधान. अक्षता पडल्या. मग अभयने ठेवलेली शांतता.

"दारी," स्पीकरच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. हळू, स्वयंपाकघरात मीठ मागावं इतक्या साधेपणाने.

दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

दारी तोरण बांधिले नि सजली सारी सुखाची घडी... आईला आठवलं होतं.

कल्याणीने मान वळवली. बाबा कुणाकडे बघत नव्हते. त्यांचे ओठ आईच्या किंचित पुढे हलत होते.

"समोर बघ गं," मागून मामा पुटपुटले.

कडवं संपलं. अक्षता पडल्या. पुन्हा शांतता.

बाबांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी मिटलेली मूठ ओठांवर धरली, दोन-चार अक्षता खाली सांडल्या. हॉल वाट बघत होता. वाट बघायचं खरं तर कारण नव्हतं. सीडी आपली आपण पुढे जाणारच होती, कुणी सांगो न सांगो. पण कल्याणीला एकदम वाटलं, की आई तिथे अडलीय. सगळ्यांसमोर, पुढचं आठवत नाही म्हणून.

"लेकी," ती म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने.

लेकी, चालव तू नवीन घर हे...

अंतरपाटाखालून दिसणारी अभयची पावलं हलली.

"कल्याणी?" तो पलीकडून दबक्या आवाजात म्हणाला. "थांबवायला सांगू का?"

"नको," ती म्हणाली. मग तिला हुंदका फुटला. "खोकला आहे."