बाजेवर निजवलेला वरवंटा

मित्रांनो, मी सागाच्या चार पायांची, काथ्याने विणलेली जुनी बाज आहे. मुरबाडजवळच्या आमच्या गावात मला बाळंतिणीची बाज म्हणतात. ज्या घरी बाळ जन्मते, त्या घरी मला नेतात. खाली शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात आणि बाळंतीण सवा महिना माझ्यावर विसावते. तोवर मला रिकामी ठेवायची नाही, नाहीतर बाळंतिणीला बाधते, असा गावाचा नेम आहे.

गेल्या वर्षी मी शाळेतल्या नेहाबाईंकडे होते. त्यांना सहा महिने भरपगारी रजा होती. माझ्यावरून उठल्या, तेव्हा त्यांचे अंग चांगले भरले होते.

मग मी वैष्णवीकडे आले. ती एका कारखान्यात ठेक्यावर खोकी भरते. बाळंतपणाच्या अठराव्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला. सोमवारी ये, नाहीतर दुसरी घेतो.

"टाके सुकले नाय गो अजून," सासू धोंडूबाई म्हणाली.

"जागा गेली तर परत कोण देईल, आई?"

"आणि बाज रिकामी राहिली तर?"

शेवटी धोंडूबाईने वरवंटा धुतला, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्यावर निजवला. "तू येस्तवर हा निजंल."

"त्याला शेक पण द्या," वैष्णवी म्हणाली. "माझ्यापरीस गप पडंल."

दोघी हसल्या. मला मात्र चैन पडेना. दगड कूस बदलत नाही, कण्हत नाही. झोळीत बाळ भुकेने रडायचे आणि मी उगीच करकरत राहायचे. संध्याकाळी वैष्णवी यायची ती दुधाने ओला झालेला ब्लाउज पदराने झाकत.

कामावर जाऊ लागल्यापासून तेराव्या दिवशी ती तापाने फणफणत दारातच बसली. दूध साकळून छातीत गाठ झाली होती, टाके पिकले होते. शेजारच्या जीपने तिला दवाखान्यात नेले. धोंडूबाईने वरवंटा उचलून अंगणात ठेवला. "नेम पाळला म्हनून मी निर्धास्त रायले गो," ती माझ्या काथ्यावर हात फिरवत कितीतरी वेळ म्हणत होती.

आठ दिवसांनी वैष्णवी परत येऊन माझ्यावर निजली. तिची जागा तोवर दुसरीला दिली होती.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी ठेकेदार होतील, कुणी साहेब होतील. एखादी बाळंतीण कामावर आलेली दिसली, तर तिला पगारासकट घरी पाठवा. मी तिच्यासाठी विणलेली आहे, दगडासाठी नाही.

अजूनही फोन वाजला की वैष्णवी दचकून उठू पाहते. मी माझा काथ्या सैल सोडते आणि तिला खोलात धरून ठेवते.