पगारपत्रकातली आठवी ओळ

शर्टांच्या कारखान्यात माणसं सात आणि पगारपत्रकात ओळी आठ, हे तपासणीला आलेल्या निरीक्षक बाईंनी चहा निवायच्या आत हेरलं.

"ही आठवी कोण?"

"काजं-बटणं करते," मालक म्हणाले.

"बोलवा तिला."

मालक चहाचा कप इकडेतिकडे सरकवत राहिले. मशीन एकेक करून थांबल्या. शेवटी कटिंग मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "कुठून बोलवणार बाई? मालकीणबाईंना जाऊन सात महिने झाले."

पगाराचं काम मालकीणबाईच बघायच्या. त्या गेल्यावर मालकांनी एक सोपी युक्ती काढली होती. मागच्या महिन्याचं पत्रक समोर ठेवायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. त्यात आठवी ओळही उतरायची. ती गाळायला हात होत नव्हता. तिच्या नावाची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा, दर महिन्याला वेळेवर भरली जात होती.

"मेलेल्याच्या नावावर पैसे उचलणारे पुष्कळ पाहिले," निरीक्षक बाई म्हणाल्या. "भरणारे तुम्ही पहिलेच." मग त्यांनी चष्मा पुढे ओढला. "आणि हे काय? हिचा पगार किमान वेतनाच्या निम्मा?"

"निम्मा!" बटणवाल्या मावशी उठूनच आल्या. "सरकारने दर वाढवला की आमचा त्याच महिन्यात वाढवायच्या. स्वतःचा नाही?"

मालकांनी डोळे फाडून पाहिलं. आकडा बारा वर्षांपूर्वीचा, कारखाना निघाला तेव्हाचा होता. तिने कधी मागितलं नाही आणि यांनी कधी विचारलं नाही.

"मला वाटायचं, तुमचा चिकटपणा फक्त आमच्यापुरता आहे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कापड कापा."

निरीक्षक बाईंनी नाव कमी करायचा फॉर्म पुढे सरकवला. कामाचा शेवटचा दिवस, कारण, शेवटचा पगार. शेवटच्या दिवसावरून जुंपली. मास्तर म्हणाले, दवाखान्यात नेलं तो सोमवार.

"काहीतरीच!" मावशी म्हणाल्या. "बुधवारी मीच तिथे सोळा शर्ट नेऊन दिले होते. पलंगावर बसून बटणं लावली त्यांनी. नर्स आली की उशीखाली लपवायच्या."

मालकांना हे ठाऊक नव्हतं. ते हसले, मग त्यांनी नाक पुसलं, आणि बुधवारची तारीख घातली. कारणापुढे 'मृत्यू' लिहिलं. पगारापुढे मात्र पूर्ण किमान वेतन लिहिलं.

"पत्रकात निम्मा आहे," निरीक्षक बाईंनी बजावलं. "हे लिहिलंत तर बारा वर्षांच्या पगाराचा आणि वर्गणीचा फरक भरावा लागेल. व्याजासकट. मी सोडायची नाही."

"सोडू नका."

"अहो, पण पगाराचा फरक जाणार वारसाला. वारस तुम्हीच ना?" मास्तरांना राहवेना. "म्हणजे या खिशातून त्या खिशात! कशाला डोक्याला ताप?"

"तिचा आहे. निघू दे तिच्या नावाने," मालक म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी निरीक्षक बाईंना हिशेबाला जागा करून दिली.