देवाला सोडलेली गाय

राजाभाऊंनी कपिला गाय देवाला सोडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दुसऱ्या कुणी ते पाहिलेलं नाही.

वेळणेश्वरच्या अलीकडे रस्त्याच्या खालच्या अंगाला त्यांचं घर. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून राजाभाऊ कलमांची बाग बघत, म्हणजे ओसरीवर बसून तिच्याकडे बघत. गुरांचं सगळं त्यांची बायको कुसुमकाकू करी. कपिला पंधरा वर्षांची, तीन वर्षांत दुधाचा थेंब नाही. पण काकूंनी तिला वासरू असल्यापासून हातानं वाढवलेली. पौषात काकू लेकीच्या, ऋजुताच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, आणि जाताना चारचारदा बजावून गेल्या, की पाडव्याला येते, तोवर कपिलेला सांभाळा. आठ दिवस राजाभाऊंनी शेण काढलं, पाणी पाजलं, पेंढा घातला. नवव्या दिवशी त्यांच्या अंगात एकदम भक्ती संचारली.

म्हातारं जनावर देवाला सोडायची चाल वाडीत जुनीच. देवळापुढं न्यायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, गळ्यातलं दावं काढून घ्यायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पुढचं देव बघतो. राजाभाऊंनी सगळं यथासांग केलं. दावं नवं होतं, ते आठवणीनं घरी आणलं. संध्याकाळी काकूंचा फोन आला, तर म्हणाले, देवाच्या कृपेनं बरी आहे. यात खोटं काय?

बेत सरळ होता. देवाला सोडलेली गुरं फार दिवस काढत नाहीत. पाडव्यापर्यंत कपिला आपसूक जाईल, आपण पडल्या चेहऱ्यानं सांगू, काकू रडतील, विषय संपेल. आड आल्या त्या हिल्डाबाई.

हिल्डाबाई डेन्मार्कच्या. तिथं चाळीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, गुडघे गेले, निवृत्त झाल्या. तिकडच्या थंडीत गुडघे धरतात म्हणून गेली तीन वर्षं हिवाळाभर राजाभाऊंच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत. काकूंकडून त्या मराठी शिकल्या आणि आमटी शिकल्या. दोन्ही जरा पातळ, पण चालण्याजोगी. प्राण्यांशी संबंध म्हणाल तर टपाल वाटताना कुत्री चावली, तेवढाच. त्यांना समुद्र बघायचा होता, पुस्तकं वाचायची होती आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात पडायचं नव्हतं.

एका सकाळी किनाऱ्यावर त्यांना कपिला दिसली. डावं शिंग खाली वळलेलं, म्हणून लगेच ओळखली. पर्यटकांनी टाकलेली पिशवी चघळत होती. बाई लंगडत, धापा टाकत राजाभाऊंकडे आल्या. राजाभाऊंनी त्यांना शांतपणे समजावलं, की तुम्ही निवृत्त, मी निवृत्त, तशी तीही. आता ती देवाच्या पदरी. मग तिला पाणी कोण देतं, बाईंनी विचारलं. देव, राजाभाऊ म्हणाले. बाईंनी मान डोलावली. बिचाऱ्या सरकारी नोकरीतल्या, सांगितलेलं खरं मानायची सवय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवळात जाऊन पुजाऱ्याला विचारलं, देवाच्या गाईंचं काम कुणाकडे असतं? पुजाऱ्यानं वर बोट केलं. बाईंनी वर बघितलं, तर तिथं घंटा होती. मग त्या पंचांकडे गेल्या. देवाच्या वस्तूला माणसानं हात लावू नये, असं पंचांनी सुपारी कातरत सांगितलं. तीन दिवस चौकशी झाली. पण पत्ता बरोबर असून घेणारा सापडला नाही, तर पाकीट वाटणाऱ्याच्याच पिशवीत राहतं, हे हिल्डाबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? चौथ्या दिवशी त्या बादली घेऊन किनाऱ्यावर गेल्या.

पंधरा दिवसांनी कपिला पोट फुगून वाळूत आडवी झाली. देवाची इच्छा, असं राजाभाऊ ओसरीवरून म्हणाले. बाईंनी टेम्पो बोलावून तिला आपल्या खोल्यांमागं आणलं आणि गुहागरहून गुरांचे डॉक्टर विनीत यांना बोलावलं. डॉक्टरांनी पोट उघडून घमेलंभर प्लास्टिक काढलं. बाई त्या दुखऱ्या गुडघ्यांवर तीन तास तिचं डोकं धरून बसल्या, आणि त्या रडल्या ते मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आता राजाभाऊंची पंचाईत झाली. गाय त्यांच्याच आवारात, पण गोठ्यात घेता येईना. देवाला दिलेलं परत घेणं पाप. हाकलताही येईना, ते त्याहून मोठं पाप. गावाला मात्र आनंद झाला. देवानं शाखा उघडली म्हटल्यावर जो तो भाविक झाला. कुणी आंधळा बैल आणून बांधला, कुणी तीन पायांचा कुत्रा सोडला, कुणी गोणत्यातून मांजराची पिल्लं आणली. बाईंनी परतीचं तिकीट पुढं ढकललं. वाचायच्या पुस्तकांवर मांजरं झोपू लागली. राजाभाऊ रोज सकाळी मोठ्या आशेनं कपिलेकडे बघत, आणि ती रोज थोडी सुधारलेली असे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकू एसटीतून उतरल्या. गोठा रिकामा बघून थबकल्या, तेवढ्यात मागून हंबरणं ऐकू आलं. टाक्यांच्या व्रणावरून हात फिरवत त्यांनी हिल्डाबाईंकडून सगळं ऐकून घेतलं. बाईंनी तक्रार कसलीच केली नाही. राजाभाऊंनी मोठ्या मनानं गाय दिली, म्हणून म्हातारपणी आपल्याला हे काम मिळालं, याचे उलट आभार मानले.

काकू ओसरीवर आल्या. राजाभाऊंची तयारी होती. चाल, शास्त्र, आजोबांचा दाखला, सगळं जिभेवर होतं. काकूंनी ते सुरूच होऊ दिलं नाही.

"सोडलीत त्याचं काही नाही हो," त्या हळू म्हणाल्या. "कंटाळलात, सोडलीत. पण रोज फोनवर बरी आहे म्हणायचात, नि मी यायच्या आत ती मरावी म्हणून वाट बघत बसायचात."

ते अगदी तसंच होतं, आणि राजाभाऊंना ते ठाऊक होतं. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना पूर्वी कधी वाटल्याचं आठवेना.

पाडव्याला त्यांनी एकट्यानं गुढी उभारली आणि कुणी न सांगता पाण्याची बादली घेऊन मागं गेले. कपिलेनं आढेवेढे न घेता बादलीत तोंड घातलं. काकू बाजूला आंधळ्या बैलाला पेंढा घालत होत्या. आणखी काय करू, राजाभाऊंनी विचारलं.

"हिल्डाबाईंना विचारा," काकू वर न बघता म्हणाल्या. "माझी कुठली आता ती गाय? तुम्हीच दिलीत ना."