रविवारवाला

गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या अन्नपेढीत सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत, कारण बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकण्यात गेली होती. समोरच्याचं तोंड न बघता तो खोटं बोलतोय की नुकताच रडून आलाय, हे त्यांना कळे. एकदा ऐकलेला आवाज त्या जसाच्या तसा काढूनही दाखवत. निवृत्त झाल्यावर घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा चार माणसांत राहावं म्हणून त्या पेढीत यायला लागल्या. कामाला वाघ होत्या, नाही म्हणायची सोय नाही. तांदळाची पोती फोडून लहान पिशव्या भरायच्या, फुगलेले डबे बाजूला काढायचे, आधी संपवायचा माल फळीवर पुढे ओढायचा, सगळं चटाचट. तोंडही तितकंच चटाचट चाले, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

पेढीचा नियम साधा होता. नोकरी गेलेला असो, आजारपणात बुडालेला असो, भाडं भरून हात रिकामे झालेला असो, कोणीही यावं. घरात खाणारी तोंडं किती एवढंच सांगावं आणि फळ्यांवरून लागेल ते घ्यावं. का आलात, हे कोणी विचारायचं नाही. बाईही कधी विचारत नसत. त्या फक्त ऐकत, आणि रविवारी मुलाकडे जेवायला गेल्या की तिथे ऐकवत.

एक होता फोनवाला. दाराबाहेर कोणाशी तरी फार महत्त्वाचं बोलत उभा राहायचा आणि गल्ली रिकामी झाली की बंद पडलेला फोन खिशात टाकून आत सटकायचा. एक बाई "माझ्यासाठी नाही हो, शेजारीण अंथरुणाला खिळलीय" म्हणत यायची आणि शेजारणीच्या अंगाला कुठला साबण मानवतो ते तिला बरोबर ठाऊक असायचं. ऑपरेटरबाई दोघांचे आवाज असे हुबेहूब काढत की नात टाळ्या पिटून परत परत करायला लावी, सून तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळे आणि मुलाची तर हसून हसून पुरेवाट होई. सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

एकदा हसता हसता त्याने विचारलं होतं, "तुम्ही सगळे त्यांच्या माघारी हसता का गं?" बाई म्हणाल्या होत्या, "हसू नको तर काय करू? दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात. तेवढीच करमणूक." त्यावर तो बरोबर आहे म्हणाला आणि त्याने आईच्या ताटात आणखी भात वाढला. भाताकडे बघून बाईंनी त्यालाही नावं ठेवली. हल्ली तांदूळ कुठून आणता, नुसती कणीच आहे, याच्यापेक्षा आमच्या पेढीतला बरा, असं त्या म्हणाल्या. दुकान बदललंय, असं मुलाने सांगितलं. जाताना बाईंनी त्याच भाताचा डबा भरून घेतला, दर रविवारी घ्यायच्या तसा.

मग एका सकाळी पेढीचा मोठा फ्रीज बंद पडला. आतले मटार आणि दूध नासू नये म्हणून सगळा माल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पेढीत हलवायचं ठरलं. तिकडे जायला बस बदलावी लागायची, पण व्हॅनवाला सोबत होता, म्हणून बाई उत्साहाने त्याच्या शेजारी चढून बसल्या. ती पेढी एका बंद छापखान्याच्या तळमजल्यावर होती. शाईचा वास अजून भिंतींना होता. तिथला कारभार बघणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. चांगली, हसतमुख, दमलेली बाई. तिने ऑपरेटरबाईंना चहा पाजला आणि मागच्या उंच फळीवर दूध पावडरीची खोकी लावायला दिली.

बाई खोकी लावत होत्या तेवढ्यात फळीच्या पलीकडून आवाज आला, "घरात तीन माणसं."

बाईंचे हात जागच्या जागी थांबले. हा आवाज त्यांनी त्याला शब्द फुटायच्या आधीपासून ऐकला होता. पहिल्यांदा त्यांना वाटलं, पोरगा तो कामाला असतो त्या फर्निचरच्या कारखान्यातर्फे काही द्यायला आला असेल. पण तो पीठ मागत होता. तेल आहे का विचारत होता. तांदूळ कणीचा असला तरी चालेल म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, "ताई, डब्यातलं काही गोड असेल तर बघा ना. रविवारी आई जेवायला येते."

फळीला वळसा घातला असता तर बाई त्याच्या समोर उभ्या राहिल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. गुडघे कुरकुरत असताना हळूच खाली बसल्या आणि खोक्यांच्या आड श्वास धरून राहिल्या. पोराला ओशाळं व्हायला नको म्हणून आपण लपलो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं तर ओशाळल्या होत्या त्याच.

तो गेल्यावर ताई मागे आली. "ऐकलंत ना? हा आमचा रविवारवाला," ती खोकी घेऊन आत आलेल्या व्हॅनवाल्याकडे बघत म्हणाली. "कारखाना बंद पडल्यापासून येतोय, आणि दर खेपेला हेच. 'रविवारी आई येते हो, आई येते.' मी म्हणते, आई आहे की महाराणी?"

नक्कल अगदीच सुमार होती, सूर चुकला होता, आवाज तर जवळपासही नव्हता. व्हॅनवाला हसला. आणि ऑपरेटरबाईही हसल्या. कोणाला संशय यायला नको म्हणून हसल्या की जुन्या खोडीने, ते त्यांना आजही सांगता यायचं नाही. पण हसू आलं ते चांगलं खळखळून आलं, आणि आपल्याच कानांनी ते ऐकल्यावर बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना व्हॅनवाला बरंच काही बोलत होता. बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाईंची पेढी मुलाच्या घरापासून चालत जाण्यासारखी होती. तिथला तांदूळ बरा, तिथे माल जास्त. तरी पोरगा शहर ओलांडून कणी आणत होता. भुकेची लाज प्रत्येकाला असते, तीही असेल. पण त्याला धास्ती होती ती आईच्या तोंडाची. आपलीही कोणाच्या तरी घरी जेवताना नक्कल होईल, म्हणून तो घराजवळचं दार सोडून लांबचं ठोठावत होता, आणि दर रविवारी आपल्यासारख्यांवर रचलेल्या गमती ऐकून पोट धरून हसत होता. न हसून त्याला भागणारच नव्हतं. आणि त्याने मागून आणलेलं अन्न आपण नावं ठेवून खाल्लं, वर डबा भरून नेलं. बाईंना आपल्या पोटाचीच शिसारी आली.

रविवारपर्यंत त्यांना घास गोड लागला नाही. जाऊच नये, असं मनात आलं. पण मग ते मागून आणलेलं गोड कोण खाणार? पिशवी भरून सामान न्यावं म्हटलं, तर तो लगेच ओळखणार. गप्प बसावं, तर जन्मात कधी गप्प न बसलेली आई आज का गप्प, एवढं कळायला त्याला ऑपरेटरचा कान नको होता.

शेवटी गेल्या. भात कणीचाच होता. बाईंनी शीतही न टाकता ताट स्वच्छ केलं. मग सुनेने काचेच्या वाट्या आणल्या. डब्यातल्या पीचच्या फोडी होत्या, पाकात चकाकणाऱ्या. नातीच्या वाटीत थोड्या, बाईंच्या वाटीत काठोकाठ. मुलापुढे आणि सुनेपुढे वाटीच नव्हती. आम्हाला हल्ली गोड सोसत नाही, असं सून म्हणाली.

"आजी, नक्कल," नातीने हट्ट धरला.

"हो आई, होऊन जाऊ दे," मुलगा म्हणाला. आवाज मोकळा होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी ताणून धरलेलं होतं. इतके रविवार ते बाईंना ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला. या खेपेला एक म्हातारी होती, त्या म्हणाल्या. स्वतःला फार शहाणी समजणारी, सगळ्या जगाच्या नकला करत फिरणारी. ती एका पेढीत खोकी लावत होती, तेवढ्यात एक माणूस आला, तशी ती उंदरासारखी फळीमागे दडली. बाईंनी गुडघ्यांची कुरकुर काढून दाखवली, धरलेला श्वास दाखवला, नाकातली शीळ दाखवली. नात खिदळत खुर्चीवरून घसरली. माणूस कसा बोलत होता, तो आवाज काढ, असं ती म्हणाली.

"त्याची नक्कल नाही होत," बाई म्हणाल्या. "घरी जेवायला लागतं म्हणून आला होता. त्यात हसण्यासारखं काही नाही."

सुनेच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. बाई थांबल्या नाहीत. तो माणूस गेल्यावर कोणीतरी त्याच्या नावाने गंमत केली, आणि मग म्हातारीने काय केलं, तर असं केलं. बाईंनी ते हसू काढलं. आयुष्यात केलेल्या सगळ्या नकलांमध्ये तेच सर्वांत हुबेहूब होतं. नातही त्याला हसली नाही.

मुलगा आईकडे बघत होता. त्याने विचारलं, "हसलीस?"

"हसले," बाई म्हणाल्या.

त्यापुढे माफीचा शब्द होता, पण कुठल्या तोंडाने मागणार? सून खाली बघून टेबलावरची शितं एकेक करून वेचत होती. वेचता वेचता तिने हळूच विचारलं, "आई, तुमच्याकडचा तांदूळ खरंच बरा असतो का?"

बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

मुलाने हात पुढे केला आणि काठोकाठ भरलेली वाटी आईच्या आणखी जवळ सरकवली.

"खा," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच मागितलं होतं."

बाईंनी चमचा उचलला आणि खाल्लं. सगळ्यांच्या देखत, वाटी रिकामी होईपर्यंत खाल्लं.