नणंदेची दगडफेक

ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिची सख्खी नणंद तिथंच दोन टेबलांपलीकडे बसायची. वहिनी प्रोग्रॅम लिहायची आणि नणंद त्यातल्या चुका हुडकून तो पाडायची. बाकीच्या नणंदा हे काम फुकट करतात, हिला त्याचा पगार मिळायचा.

मुलगा शाळेत जायला लागल्यावर वहिनी बऱ्याच वर्षांनी नोकरीला लागली होती. पहिलंच काम मिळालं ते लोकांनी पाठवलेले फोटो उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं. आज दुपारी त्याच्यावर दगडफेक होती. म्हणजे कुणीही कसलीही वाकडीतिकडी फाईल त्याच्यावर फेकायची, अशी तिथली रीत. प्रोग्रॅम कोसळला तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार, हे साहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

फोटोची फाईल आपली रुंदी आणि उंची स्वतःच सांगते. दोन्हींचा गुणाकार करून प्रोग्रॅम तेवढी जागा राखून ठेवतो. पण फाईलच थापा मारत असेल तर? म्हणून वहिनीने पहारा बसवला होता: गुणाकार मर्यादेबाहेर गेला की फाईल परत. काम चोख झालंय, असं तिला वाटत होतं.

सकाळी नवरा तिला स्कूटरवरून सोडायला निघाला. ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर तो एकदम ओरडला, "अगं, मीटर बघ! आत्ता सगळे नऊ होते, आता सगळी शून्यं! आपली गाडी नवी कोरी झाली!"

वहिनी हसली आणि हसता हसता तिला आपला प्रोग्रॅम आठवला. कॉम्प्युटरमधल्या आकड्यालाही ठरावीकच घरं असतात. गुणाकार त्यांत मावला नाही, तर तोही असाच फिरून लहान होणार. मग पहारेकरी म्हणणार, या, बसा! जागा राखली जाणार चिमूटभर आणि आत ओतलं जाणार पोतंभर.

"गाडी पळव!" ती म्हणाली.

"नव्या गाडीला जपायचं असतं गं."

तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

टेबलाशी बसल्या बसल्या तिने पहाराच अलीकडे आणला. गुणाकार करायच्या आधी मर्यादेला रुंदीने भागायचं, आणि उंची त्या उत्तराहून जास्त असेल तर फाईलला दारातूनच वाटेला लावायचं. तो भागाकार बघताना तिला पुन्हा मीटरवरची शून्यं आठवली. तिने त्याच्याही आधी आणखी एक ओळ घातली.

दुपारी सगळे जमले. नणंदेने पहिली फाईल फेकली. रुंदी अफाट, उंची अफाट. पडद्यावर शांतपणे उमटलं, फाईल नाकारली. टाळ्या पडल्या. साहेब उठायला लागले.

नणंदेकडे अजून एक फाईल तयार होती. तिने वहिनीकडे पाहिलं आणि माऊसवरचा हात काढून घेतला. "पुरे की आता," ती पुटपुटली.

वहिनीला तिचं मन कळलं आणि एकदम भरून आलं. लग्न झाल्यापासून आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवणारी ही पोरगी आज आपल्याला सांभाळून घेतेय! तरी ती म्हणाली, "फेक गं. बाहेरून फाईल पाठवणारा काय माझी नणंद लागून गेलाय, त्याला माझी दया यायला?"

नणंदेने डोळे मिटून फाईल फेकली. रुंदी शून्य! शून्याने भागायला गेलं की भलेभले प्रोग्रॅम आडवे होतात. पडद्यावर उमटलं, रुंदी शून्य आहे, फाईल नाकारली.

"हे काम वहिनींकडेच राहू दे," साहेब म्हणाले.

नणंद तिच्या गळ्यात पडली. "शून्याचं कसं सुचलं गं तुला?"

"तुझ्या दादाची गाडी नवी झाली ना, म्हणून."

नणंदेला काही कळलं नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी मी अजिबात सोडणार नाही हं तुला."

"सोडूच नकोस," वहिनी म्हणाली.