हवालदाराची रांग

आमचं मालक सहासष्ट सालच्या श्रावणात पलटणीतनं पेन्शनीवर मेढ्याला घरी आलं. हवालदार हुतं. पयल्याच दिशी त्यांनी चुलीपुढची भांडी उंचीपरमानं उभी केली आन् शेळ्यांची हजेरी घेतली. चौथ्या दिशी माझं डोस्कं फिरलं. "आवं, हितला कारभार इतकी वरसं मी एकटीनं बघितलाय. हुकूम सोडायचा आसंल तर आदी वावरात राबा," म्हनलं आन् त्यांच्या हातात खुरपं दिलं.

दुपारी भाकरी घिऊन गेले तर काय! नाचणीची किती रोपं उपटून बांधावर टाकलेली, आन् गवत मातूर जाग्यावर उभं.

"ह्ये काय केलंसा?"

"ती रांगंच्या भायेर हुती, म्हून काढली."

मी त्यांना लय बोलले. सायबापुढं उभं ऱ्हावं तसं त्ये सावधान उभं ऱ्हायलं. मग हळूच म्हनलं, "बायडा, मला रोप वळखाय कुणी शिकवलंच न्हाई. तू शिकीव."

आमी दोगं गुडघ्यावर बसलो आन् उपटलेली रोपं चिखलात परत लावली. माझा राग कुठल्या कुठं गेला. आदल्या साली लढाई चालू हुती, तवा रोज सांजच्याला दारात बसून मी एवढंच मागत हुते, की मानूस घरी येऊ दे. त्यो मानूस आता माझ्या वावरात चुकत हुता.

दुसऱ्या दिशी उजाडताच मालक खुरपं घिऊन दारात ताठ उभं. "आज ड्यूटी काय?"

"कालचीच," म्हनलं. "चला, चुका खुशाल. मी हाय की."