लिटरला नऊ

गाडी पेट्रोल फार पिते अशी तक्रार घेऊन कुणी शोरूममध्ये आलं की धम्मानंदला बोलावणं यायचं. त्याचा पाय हलका होता. जी गाडी मालकाच्या हातात लिटरला सहा किलोमीटर देई, ती त्याच्या हातात दहा द्यायची. गिऱ्हाईक खजील होऊन परत जाई आणि मॅनेजर किशोर त्याच्या पाठीवर थाप मारी. वडील शंकरराव नांदेडकडून येऊन काचीगुड्याला रेल्वेत खलाशी म्हणून लागले आणि खलाशी म्हणूनच रिटायर झाले. मुलगा टाय लावून परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये जातो, हे ते ओळखीच्यांना दोन-दोनदा सांगत.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये बरकतपुऱ्याचे भगवंतराव वकील आले. माधापूरकडची त्यांची खडकाळ जमीन कॉम्प्युटर कंपन्या आल्यावर सोन्याच्या भावाने गेली होती, आणि त्यातून त्यांनी याच शोरूममधून एक एसयूव्ही घेतली होती. सव्वादोन टनांचं धूड, आठ सिलिंडरचं इंजिन. सहा सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी ती गाडी बरकतपुऱ्याच्या गल्लीत मात्र दोनदा मागेपुढे केल्याशिवाय वळत नसे.

"पुस्तिकेत लिटरला नऊ लिहिलंय," भगवंतराव म्हणाले. "मला साडेचार मिळतंय. आता तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटेची टेस्ट ठरली. धम्मानंदने नेहमीची तयारी केली. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली, डिकी रिकामी केली, टाकी काठोकाठ भरून घेतली. शेजारी भगवंतराव बसले, मागे त्यांचा ड्रायव्हर अंबाजी. साठीला आलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला माणूस. विजयवाड्याच्या रस्त्यावर त्या वेळी वाहनं तुरळक होती. धम्मानंदने काटा पंचावन्नवर नेला आणि तिथेच धरून ठेवला. पुढचा ट्रक मंदावायच्या आत त्याचा पाय उचललेला असे, त्यामुळे ब्रेक जवळजवळ लागलाच नाही.

"साहेब, एसी बंद हाय," मागून अंबाजी म्हणाला.

"सकाळच्या गार हवेत एसी कशाला रे?" भगवंतराव म्हणाले.

शंभर किलोमीटर फिरून ते शोरूमशेजारच्या पंपावर परत आले; किशोर तिथे थांबला होता. टाकी पुन्हा काठोकाठ भरली, तेव्हा अकरा लिटर आणि थोडं वर पेट्रोल मावलं. किशोरने लगेच हिशेब केला. "आठ पॉइंट नऊ, सर!"

आता हे चिडतील किंवा ओशाळतील, असं धम्मानंदला वाटलं. भगवंतराव मात्र सावकाश मागे वळले आणि अंबाजीकडे बघत राहिले.

"गाडीत दोष नाही म्हणजे," ते म्हणाले. "मग पेट्रोल जातं कुठं, अंबाजी?"

तेव्हा धम्मानंदच्या लक्षात आलं. गाडीची तक्रार करायला हा माणूस आलाच नव्हता.

अंबाजी खाली उतरला. आवाज चढू न देता तो किशोरला म्हणाला, "साब, आता अकरा वाजता ह्याच पोराला गाडी घेऊन आबिड्सला जाऊ द्या. एसी लावून. चादरघाटच्या गर्दीतून. मी हात लावत नाही गाडीला. साडेचारच्या वर गेली तर मला पोलिसात द्या."

"टेस्ट झाली, चाचा," किशोर म्हणाला.

अंबाजीने धम्मानंदकडे पाहिलं. "तू सांग की बाबा. तुला ठाऊक हाय."

धम्मानंदला ठाऊक होतं. थांबत-थांबत चालताना एवढं वजन दर सिग्नलला जागचं हलवायचं म्हणजे किती पेट्रोल लागतं, हे त्याच्याइतकं त्या आवारात कुणालाच ठाऊक नव्हतं. साडेचारसुद्धा चांगलंच म्हणायचं. म्हाताऱ्याचाही पाय हलका असणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. किशोर त्याच्याकडे बघत होता. धम्मानंदने टाय सारखा केला आणि म्हणाला, "कंपनीची टेस्ट अशीच असते."

बावीस वर्षं ज्या घरची गाडी चालवली, त्या घरातून अंबाजीला त्याच दिवशी काढलं.

घरी धम्मानंदने बायकोला, निशिगंधाला, सगळं सांगितलं. तिने ताट पुढे सरकवलं. "म्हणजे चोर ठरवलात तुम्ही त्याला."

"मी कुठं ठरवलं? मी गाडी चालवली."

त्याला जेवण गेलं नाही.

तीन आठवड्यांनी धीर करून तो भगवंतरावांच्या घरी गेला. शहरात या गाडीचा आकडा वेगळाच येतो, अंबाजीची चूक नव्हती, असं त्याने उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. भगवंतराव वर्तमानपत्राची घडी करत होते.

"नव्या ड्रायव्हरच्या हातात तर चारच मिळतंय," ते म्हणाले. "कळलंय मला."

"मग अंबाजींना..."

"सगळ्या गल्लीदेखत काढलं त्याला. आता कुठल्या तोंडानं बोलावू?" मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

त्याने आडनाव सांगितलं. "अच्छा," एवढंच म्हणून ते उठून आत गेले.

अंबाजी काचीगुडा स्टेशनमागे एका खोलीत राहायचा. धम्मानंदने माफी मागितली तेव्हा तो चुलीवरचा चहा गाळत होता.

"माफीचं काय करू मी? जिथं जातो तिथं विचारतात, वकिलांनी का काढलं. तू लिहून दे. शहरात ही गाडी साडेचारच देते, असं. तुमच्या शोरूमच्या शिक्क्यानिशी."

धम्मानंदने किशोरला विचारलं. किशोर हसलाच. "पागल झाला का? असा एक कागद बाहेर गेला तर उद्या दहा गिऱ्हाइकं कोर्टात उभी राहतील. आणि ऐक, बंगळूरच्या शोरूमला टेस्टिंगचा प्रमुख हवाय. मी तुझं नाव दिलंय."

त्या रविवारी धम्मानंदने साध्या कागदावर स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तो नेऊन दिला. अंबाजीने कागद उजेडात धरून वाचला, उलटून मागची बाजू पाहिली.

"शिक्का?"

"नाही मिळाला."

"तुझ्या नुसत्या सहीला कोण विचारतं रे?" अंबाजीने कागदाची नीट घडी घातली आणि ती धम्मानंदच्याच शर्टाच्या खिशात सरकवली. "त्या दिवशी तुझा एक शब्द पुरला असता. कागदाची गरजच नव्हती."

जूनमध्ये धम्मानंद बंगळूरला गेला. पोहोचवायला शंकरराव स्टेशनवर आले होते. डब्यातल्या अनोळखी माणसालाही ते मुलाच्या बढतीबद्दल सांगत होते, आणि गाडी सुटेपर्यंत धम्मानंद खिडकीतून दुसरीकडे बघत राहिला.